परब अण्णांचे बिनमसाल्याचे स्कॅलप

आमच्या लालबागच्या चाळीतले परब अण्णा तिसऱ्या शिजवण्याआधी एकेक शिंपली कानाशी नेऊन टिचकी मारतात. "बोल गो बाय, जित्ती आसस मा?" असं तिलाच विचारतात. पोकळ वाजली की ती बाद. मग खोबरं, कोकम आणि मसाला असा की भिंतीपलीकडे मला ठसका. "मसालो नाय ती मासळी न्हय, औषध!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि गेल्या रविवारी याच माणसाने बटर मागायला माझं दार वाजवलं. बटर! मी उडालेच. वाटी घेऊन मागोमाग गेले. बघितल्याशिवाय राहवतंय कुठलं?

ओट्यावर लोअर परळच्या मॉलमधलं पाकीट. आत पांढऱ्या, गोल, गुबगुबीत वड्या.

"स्कॅलप," अण्णा म्हणाले. "बोटीवरच्या पुतण्यान सांगल्यान. आपल्या तिसऱ्यांच्याच जातीतले, पण मऊ."

शिंपली नव्हतीच, तरी सवयीने एक कानाशी नेलाच!

"मसाला?"

"नाय."

"खोबरं? कोकम?"

"नाय म्हटलंय मा!"

आई शप्पथ, मला घाम फुटला. आदल्या दिवशी अर्धं पाकीट त्यांनी अर्धा तास रटरटवलं होतं, त्याचं रबर झालं. आज घड्याळ हातात धरून तव्यापुढे उभे. एकेका बाजूला दीड मिनिट, वर एक सेकंद नाही.

"अण्णा, वेड लागलंय काय तुम्हाला?" मी डाफरलेच.

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. त्यांच्या बायकोला, काकूंना, तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे शेक चालू आहेत, हे मला ठाऊक होतं. पण जिभेवर फोड येऊन महिनाभर पेजेशिवाय काही पोटात नाही, आणि चार दिवस तर पेजेलाही 'नको', हे आज कळलं.

"तिसऱ्या खावशा वाटतत म्हणाली," अण्णा पुटपुटले. "पण मसाल्याच्या वासानसुद्धा तिचा तोंड जळता. म्हणान मीय सोडलंय."

महिनाभर मला ठसका लागला नव्हता, आणि मी मेली खूश होते! शेजारीण म्हणवते स्वतःला. लाज वाटली.

चार स्कॅलप झाले. एक अण्णांनी मला बशीत दिला, तीन कुस्करून काकूंपुढे नेले. काकूंनी एक घास तोंडात धरला. बराच वेळ धरला. गिळला. अण्णा हलेनात. मग दुसरा घास, तिसरा, आणि बशी रिकामी.

"आजून आसा?" काकूंनी विचारलं.

मी नुकती बशी तोंडाशी नेली होती. अण्णांनी ती सरळ माझ्या हातातून हिसकावली. "आसा, आसा!" म्हणाले, आणि डोळे पुसायचंही विसरून माझा स्कॅलप कुस्करायला बसले.