शाल, श्रीफळ आणि स्वरदाची चित्रं

“भाषणं नकोत,” स्वरदानं पुन्हा एकदा बजावलं, “आणि सत्कार तर अजिबात नकोत. लोक येतील, चित्रं बघतील, चहा पितील आणि घरी जातील. बस.”

“एकच सत्कार,” एकनाथ आरशासमोर भांग पाडत म्हणाला. “हैबतराव आबांचा. शेड त्यांची, लाईट त्यांची, खुर्च्यासुद्धा त्यांच्याच. त्यांना नुसतं बसवून ठेवलं तर बरं दिसेल का?”

हे मात्र तिला नाकारता येईना. जांबे गावात हैबतरावांची कोंबड्यांची जुनी शेड रिकामी पडून होती. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या काही हौशी मंडळींनी ती धुतली, चुना मारला आणि दारावर ‘अंगण कलाघर’ अशी पाटी लावली. ऊन तापलं की आत अजून कोंबड्यांची आठवण यायची, पण तेवढं चालायचंच. आज संध्याकाळी तिथं एकदम तीन प्रदर्शनं उघडणार होती. पियूषचे भिंतभर मोठाले फोटो, जुईलीची मातीची भांडी आणि स्वरदाची लहान लहान चौकटीतली जलरंगांची चित्रं.

स्वरदा लग्नाआधी परभणीला शाळेत चित्रकला शिकवायची. एकनाथला कंपनीत नोकरी लागली, दोघं जांब्यात हैबतरावांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली आणि तिची शाळा तिकडंच राहिली. एकनाथ सकाळी कंपनीच्या गाडीनं जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. मधल्या वेळात ती गच्चीवर बसून चित्रं काढायची. ती चित्रं एकनाथनं पाहिली होती, म्हणजे स्वयंपाकघरातले डबे जितके पाहिले होते तितकी.

“अहो,” ती जिन्यात थांबून म्हणाली, “आज तुम्हीही नीट बघा हं. त्यातलं एक तुमच्यासाठी काढलंय. कुठलं ते तुम्ही ओळखायचं.”

“ओळखतो की! त्यात काय!” एकनाथ म्हणाला आणि त्यानं कपाटातला शालींचा गठ्ठा हळूच पिशवीत कोंबला. एकच सत्कार करायचा होता, पण असू द्यावं. कंपनीत गाड्या, खुर्च्या, पाहुणे, निरोपसमारंभ हे सगळं त्याच्याकडंच असायचं. शाल कमी पडली म्हणून कुणाची मान खाली गेली, असं त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. नारळांचं पोतंही त्यानं परस्पर शेडवर पाठवलं होतं. आठवणीची भेट म्हणून पिरंगुटहून गणपतीची एक सुंदर तसबीर आणली होती. ती मात्र एकच.

संध्याकाळी शेड भरली. गावातली माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसली, जुईली आणि पियूष दाराशी उभे राहिले. स्वरदाच्या कंपनीतल्या मैत्रिणी, म्हणजे खरं तर एकनाथच्या कंपनीतल्या बायका, हिंजवडीच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकल्या होत्या. त्यांना रस्ता सांगायला ती बाहेर फाट्यावर गेली. जाताना म्हणाली, “मी आलेच. तोवर आबांचं उरकून घ्या.”

एकनाथनं माईक हातात घेतला, टकटक वाजवला आणि हैबतरावांचं असं काही कौतुक केलं की खुद्द हैबतरावांनी दोनदा मागं वळून बघितलं, बोलणं आपल्याबद्दलच चाललंय ना म्हणून. शाल झाली, नारळ झाला, तसबीर झाली. टाळ्या झाल्या. इथंच माईक बंद केला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

पण हैबतराव जागेवर जाता जाता त्याच्या कानाशी लागले. “सायेब, गेणबाला इसरू नका. शेडकडं येणारा रस्ता त्येच्याच रानातनं हाय. मागच्या साली काट्या लावून वाट अडवून बसला हुता.”

एकनाथनं पाहिलं. गेणबा पहिल्या रांगेत बसला होता आणि छताकडं बघत होता. पिशवीत शाल होती, पोत्यात नारळ होता, पण तसबीर नव्हती. एकाला तसबीर आणि दुसऱ्याला नुसता नारळ म्हणजे उद्या सकाळी रस्त्यावर काट्या ठरलेल्याच. तो मागं वळला. मागच्या भिंतीवर, हात पुढं केला की सापडतील इतक्या अंतरावर, स्वरदाची चित्रं ओळीनं टांगलेली होती. काच, चौकट, सगळं कसं तयार. पियूषचे फोटो दोघांनी धरल्याशिवाय निघाले नसते आणि मातीचा रांजण देऊन सत्कार करणं काही बरं दिसलं नसतं.

‘उद्या दुसरी तसबीर देऊन बदलून आणू,’ त्यानं मनाशी ठरवलं आणि खिळ्यावरचं पहिलं चित्र उचललं.

गेणबा खूश झाला. पण गेणबाचा सत्कार झाला म्हटल्यावर माजी सरपंच जनार्दन खुर्चीत अवघडून बसला. तो खाकरला. त्याच्या मागं बसलेली माणसंही खाकरली. एकनाथला खाकरणं कळत होतं. जनार्दनला दिल्यावर भजनी मंडळाला देणं आलं. भजनी मंडळ झाल्यावर बचत गटाच्या धोंडाबाई उठून उभ्याच राहिल्या.

“आमी बाया हितं काय टाळ्या वाजवायला आलोय व्हय?”

“नाही हो, धोंडाबाई! आता तुमचंच नाव घेणार होतो!”

मग लाईटचं कनेक्शन लवकर देणारा वायरमन, मग पाण्याची टाकी देणारे, मग टाकी देणाऱ्यांचे मेव्हणे, कारण ते पाहुणे म्हणून आले होते आणि पाहुण्याला डावलून चालत नाही. एकनाथला आता रंग चढला होता. माईकवर शब्द धो धो वाहत होते आणि हात आपोआप मागं जात होता. जुईली दारातून काहीतरी खुणा करत होती. त्याला वाटलं, ती छान चाललंय म्हणतेय. पियूष गर्दीतून पुढं यायला निघाला, तर एकनाथनं त्यालाच शाल उलगडायच्या कामाला लावलं.

“आणि शेवटी, ज्यांनी हे अंगण आपल्या हातांनी सारवलं, त्या आपल्या सगुणामावशी!” हैबतरावांच्या बायकोच्या हातात त्यानं शेवटची चौकट ठेवली आणि आभार मानून टाकले.

आभार मानले की कार्यक्रम संपतो, हे गावाला ठाऊक असतं. माणसं उठली, चहा प्याली, शाली खांद्यावर आणि चित्रं बगलेत घेऊन आनंदात घरी गेली. चित्रं बघायची असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती घरी न्यायची असतात एवढंच दिसलं होतं.

स्वरदा मैत्रिणींना घेऊन आत आली तेव्हा भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याखाली तिनं सुंदर अक्षरात लिहिलेली नावं होती. ‘माणची टेकडी, सकाळ.’ ‘भातशेतीचा शेवटचा तुकडा.’ ‘क्रेनवरचा बगळा.’

मैत्रिणी एकेका खिळ्यासमोर थांबत पुढं सरकल्या. “वेगळंच आहे ना?” त्यातली एक म्हणाली. “म्हणजे नाव वाचायचं आणि चित्र आपण मनात बघायचं. मस्त कन्सेप्ट आहे!”

“बघ,” एकनाथ कसनुसं हसत स्वरदाला म्हणाला, “त्यांना आवडलं.”

हे वाक्य आपण का बोललो, याचा पश्चात्ताप त्याला पुढं कितीतरी दिवस झाला. स्वरदा रडली नाही, ओरडली नाही. तिनं खिळ्यांखालची नावं एकेक करून काढली आणि पर्समध्ये ठेवली.

“मी सगळी परत आणतो,” घरी आल्यावर तो म्हणाला. “आणि ते माझ्यासाठीचं कुठलं होतं, तेवढं सांग. ते आधी आणतो.”

“राहू द्या आता,” ती म्हणाली. “जेवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी एकनाथनं रजा काढली, पिरंगुटहून गणपतीच्या तसबिरी आणल्या आणि गेणबाच्या घरी गेला. चित्र देव्हाऱ्याशेजारी लागलं होतं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि हारही घातला होता.

“मानाची वस्तू परत मागताय?” गेणबाचा आवाज चढला. “चारचौघांत दिली, आन् आता चोरून नेताय व्हय?”

“नाही, नाही! बदलून...”

“गणपती हाय आमच्याकडं. ह्या टेकडीचं चित्र न्हवतं. ती आता फोडली कंपनीवाल्यांनी. आमची गुरं तितंच जायची.”

एकनाथनं प्रथमच चित्राकडं नीट पाहिलं. टेकडीवर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं आणि खाली पायवाटेवर गुरांची धूळ उडत होती. स्वरदाला हे कधी दिसलं असेल? तो तर रोज त्याच रस्त्यानं जायचा. तो चहा पिऊन परत आला.

मग तो रोज कामावरून आला की एकेका घरी जाऊ लागला. कुणीच काही परत देईना. धोंडाबाईंनी बचत गटाच्या भिंतीवर भाताचा तुकडा लावला होता. “हे माझं रान हुतं. इकलं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि त्याची मागायची हिंमतच झाली नाही. वायरमनकडं क्रेनवरचा बगळा होता. तो बगळ्याखालची वायर कशी चुकीची काढलीय ते दाखवत बसला, पण चित्र सोडायला तयार नव्हता. एकनाथ प्रत्येक चित्रासमोर उभा राहून विचार करायचा, हेच का माझ्यासाठीचं? हे असेल? आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की हे असतं तर बरं झालं असतं. खिळ्यावर असताना ज्यांच्याकडं पाठ करून तो तासभर बोलला होता, ती चित्रं बघायला त्याला आता अख्खं गाव पालथं घालावं लागत होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सगळी घरं झाली तरी त्याच्यासाठीचं चित्र काही सापडलं नाही. हताश होऊन तो घरी आला आणि जिन्याखाली चपला काढत असताना त्याला सगुणामावशींची आठवण झाली. तळमजल्यावर हैबतरावांना दिलेली गणपतीची तसबीर आहे म्हणून ते घर त्यानं धरलंच नव्हतं.

सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यामागच्या भिंतीवर चित्र होतं. दिवेलागणीची वेळ, वरून दिसणारा रस्ता, कंपनीची पांढरी गाडी आणि तिच्यातून उतरलेला एक लहानसा माणूस. खांद्याला बॅग, कानाला मोबाईल, मान खाली. कोपऱ्यात गच्चीच्या कठड्यावर ठेवलेले दोन कप. त्यातल्या एकातून वाफ येत होती, दुसरा झाकून ठेवला होता.

“हे तुमीच की,” सगुणाबाई म्हणाल्या. “रोज असंच उतरता. पोरगी वरनं बघत आस्ती. तुमी कदी वर बघत न्हाई.”

एकनाथ चित्राच्या अगदी जवळ गेला. तो म्हणाला, “मावशी, हे मला परत द्याल?”

“मान दिलेला परत घेत्यात व्हय?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “आन् मला एक सांगा सायेब. गेणबाचा केलात, जनार्दनाचा केलात, टाकीवाल्याच्या मेव्हण्याचा केलात. चित्रं काढणारीचा सत्कार कुणी केला?”

एकनाथनं मनातल्या मनात ती सगळी नावं पुन्हा घेतली. त्यांत स्वरदाचं नाव नव्हतं.

“मान परत घेता येत न्हाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “पर पुढं देता येतो. उद्या घरीच ऱ्हावा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून वर आल्या. मागं हैबतराव होते, सत्काराचीच शाल पांघरून. सगुणाबाईंनी स्वरदाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि पदराखालून चित्र काढून तिच्या हातात ठेवलं. हैबतरावांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

“सायेब,” ते म्हणाले, “बोला की दोन शब्द. तुमच्यावानी कुणाला जमतंय?”

एकनाथ उभा राहिला. त्यानं घसा साफ केला. स्वरदा चित्र मांडीवर धरून त्याच्याकडं बघत होती. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, तो काही न बोलता खाली बसला.

“तो कप तू झाकून का ठेवायचीस?” दोघं खाली गेल्यावर त्यानं स्वरदाला विचारलं.

“गार होऊ नये म्हणून,” ती म्हणाली. “व्हायचाच.”

चित्र कुठं लावायचं ते दोघांनी मिळून ठरवलं, दारासमोरच्या भिंतीवर. पण घरात एकही खिळा सापडेना. एकनाथनं चपला घातल्या आणि तो शेडकडं निघाला. खिळे कुठं मिळतील हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यावर आल्यावर तो थांबला आणि मान वर करून त्यानं गच्चीकडं बघितलं. गच्चीवर कुणी नव्हतं. स्वरदा आत चहा ठेवत होती.