काटा झाल्यावरचा चहा

बारशाला विमानानं जायचं हे मोहनसिंगनं कधी ठरवलं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तोंड त्याच्या आधीच ठरवून मोकळं झालं होतं.

झालं असं, की त्याचे व्याही लालसिंग हैदराबादेहून वाशीमजवळच्या आसेगावला एका लग्नासाठी आले होते. मोहनसिंगच्या लेकीला सासरी दुसरा मुलगा झाला होता, त्याच्या बारशाचं बोलावणं त्यांना द्यायचं होतं. ते त्यांनी दिलं, पण भर मांडवात.

"इवाई, तुमी आपले चार दिवस आधीच निघा बरं. तुमाले बैलबंडीबिगर दुसरं काई मानवत नाही!"

मांडवभर हशा पिकला. आता मोहनसिंग म्हणजे वाशीमच्या कापूस बाजारातला मापारी. त्याच्या काट्यापुढे भले भले आवाज खाली ठेवत. तो ताठ झाला आणि म्हणाला, "मी विमानानं येतो."

"याच! विमानातून उतरले तं मी सोता तुमाले मोगऱ्याचा हार घालतो, सगळ्यायच्या समोर!"

(विमान कुठून सुटतं, ही चौकशी मोहनसिंगनं घरी आल्यावर केली. ती आधी करायला हवी होती. तिकिटासाठी काय विकलं, तेही कुणी विचारू नये.)

तर अशा रीतीनं ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी, मोहनसिंग आणि त्याची बायको ललिताबाई नागपूरच्या विमानतळावर उभे राहिले. मोहनसिंग ट्रंकेला धरून उभा होता. पण तिथल्या बाबूनं आधी ट्रंक काट्यावर ठेवली आणि मग, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, "आता तुम्ही चढा" म्हटलं, तेव्हा त्याला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. माणसांचंही वजन करतात! इतका चोख कारभार त्यानं वाशीमच्या बाजारातही पाहिला नव्हता. ललिताबाई अंगावरच्या चांदीसकट काट्यावर चढली, तेव्हा काटा नवऱ्याच्या पुढे गेला. त्याकडे मोहनसिंगनं मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

अडलं ते बोचक्यापाशी. बोचक्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होते, तेही सगळ्या आळीनं मिळून वळलेले.

"बाई, हे जाणार नाही. सामानाचं वजन पुरं झालं," बाबू म्हणाला.

"काहून जानार नाही? हे सामान नोहे, लाडू हायेत!"

बाबू हटेना. ललिताबाईनं बोचकं काखेला मारलं आणि कुणी वरचा साहेब भेटेपर्यंत ती थेट लाउंजमध्ये जाऊन बसली. लाउंज म्हणजे विमान कंपनीची पाहुणे बसवायची खोली. बूड रुतेल असे कोच, डोक्यावर पंखे, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक बेरर चहा, बिस्किटं, केळी, लोणी लावलेला पाव घेऊन फिरत होता. पैसे घेत नव्हता.

"तिकिटातच हाये म्हन्ते," ललिताबाई म्हणाली आणि कामाला लागली.

मोहनसिंग मात्र कोचाच्या काठावर टेकला होता. एकदा त्यानं खिडकीतून विमान पाहिलं. ते त्याला फार लहान वाटलं. मग त्यानं बायकोच्या हातातलं केळं पाहिलं आणि त्याला दरदरून घाम फुटला.

उभ्या जन्मात त्यानं एक नियम पाळला होता. एकदा काटा झाला, वजन नोंदलं गेलं, की मालात मूठभर घालायचं नाही आणि मूठभर काढायचं नाही.

"अवं, पुरे कर," तो कुजबुजला.

"काहून?"

"आपला काटा झाला ना! त्याच्यावर हे वजन चढून राह्यलं."

"चढू द्या. तुमच्या डोक्यावर तं नाही ना चढलं?"

मोहनसिंग उठला, बसला, पुन्हा उठला. समोरच्या कोचावर एक जाडजूड शेटजी पावामागून पाव गिळत होते. तिकडे दोन वकील तिसऱ्यांदा चहा मागत होते. सगळा माल काटा झाल्यावर फुगत चालला होता आणि कुणाला त्याचं काही नव्हतं! आपल्यापुरतं वजन उतरावं म्हणून मोहनसिंग दोनदा मोरीकडे जाऊन आला. पण एकट्या माणसानं असं किती उतरवायचं?

शेवटी विमान सुटायची वेळ झाली आणि विमान कंपनीचा साहेब प्रवाशांना बोलवायला आला. मोहनसिंग दारातच आडवा उभा राहिला.

"साहेब, फेरकाटा करा. समद्यायचा!"

"काय?"

"हे लोकं सकाळपासून खाऊन राह्यले! मी मापारी हाओ, मले कळते. वजन जास्त झालं. विमान जमिनीवरून उठनार नाही."

साहेबानं आधी हसून समजावलं, मग घड्याळ दाखवून समजावलं. चहापावाचं वजन हिशेबात धरलेलं असतं, असंही सांगितलं. मोहनसिंग ढिम्म हलेना. "काट्यावर चढल्याबिगर मी कोनाले जाऊ देनार नाही," असं म्हणून त्यानं हात पसरले. शेटजी भडकले. वकील इंग्रजीत भडकले.

"बरं," साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आपण वजन कमी करू. एक माणूस ठेवून जाऊ. चालेल?"

"हां, हे कायद्याचं बोलले!" मोहनसिंग खुश झाला. "कोनाले ठेवता?"

सगळं लाउंज त्याच्याकडे बघत होतं.

"ज्यांना शंका आहे त्यांना," शेटजी म्हणाले.

मोहनसिंगनं आशेनं बायकोकडे पाहिलं.

"मले काई शंका नाही," ललिताबाई म्हणाली. आणि साहेबाकडे वळली. "हे राह्यले तं मंग माहं बोचकं बसते ना आता?"

"खुशाल बसतं, बाई."

विमान उठलं. अगदी सहज उठलं. मोहनसिंग खिडकीशी उभा राहून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत होता. लालसिंगचा हार विमानासोबतच दिसेनासा होत होता, आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बेररनं मागून विचारलं, "चहा?" तो त्यानं घेतला. आता कुठल्या काट्याची भीती होती?

आगगाडीनं तो हैदराबादेला पोचला, तेव्हा बारसं उरकलं होतं. ओसरीवर ललिताबाई मधोमध बसून ढगांची हकीकत सांगत होती, आणि कोपऱ्यात लाडवांचं रिकामं झालेलं बोचकं होतं. त्याच्यावर मोगऱ्याचा सुकलेला हार होता.

"मी शब्दाचा पक्का, इवाई," लालसिंग म्हणाले. "तुमच्या जाग्यावर बसून जे उतरलं, त्याले समद्यायच्या समोर घातला."

"जाग्यावर बसून?"

"हाव ना," ललिताबाई कौतुकानं म्हणाली. "विमानातल्या पोरीनं तुमच्या खुर्चीवर ठेवलं, पट्टा बांधला, चघळायले लिमलेटची गोळी बी देल्ली. पन काई म्हना, हैदराबाद येईपर्यंत कसं गपचीप बसलं हो बिचारं!"