मी बायकोचा लॅपटॉप आवरला

वस्तू जागच्या जागी असावी, यापलीकडे माझी आयुष्याकडून फारशी अपेक्षा नाही. साताऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी नोकरी चालू आहे. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात जाईल हे मी ठरवतो. (तो पुन्हा कधी सापडेल हे वरचा ठरवतो.) त्यामुळे त्या रविवारी सकाळी विनोदिनीच्या लॅपटॉपवर 'जागा संपत आली आहे' अशी लाल पाटी दिसली, तेव्हा मला दुःख होण्याऐवजी हुरूप आला. आपण हे जरा आवरून द्यावं, असं माझ्या मनात आलं. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

विनोदिनी म्हणजे माझी बायको. ती लग्नांचे फोटो काढते. आधी हौस म्हणून काढायची, मग ओळखीपाळखीच्यांकडे जाऊ लागली आणि आता सातारा-सांगलीकडे तिला तारखा पुरत नाहीत. मी सुट्टीच्या दिवशी तिचा असिस्टंट असतो, म्हणजे लाइटचा स्टँड धरून उभा राहतो. लोक मला 'ते लाइटवाले' म्हणतात. माझी तक्रार नाही, कारण जेवण उत्तम असतं.

सध्या तिच्या हातात इस्लामपूरजवळच्या नाथाजीरावांच्या मुलाच्या, वीरधवलच्या लग्नाचा अल्बम होता. आजवरचं तिचं सगळ्यात मोठं काम. अल्बम दिवाळसणाला सुनेच्या, दीपमालाच्या माहेरी न्यायचा होता. नाथाजीराव त्याच संध्याकाळी फोटो पसंत करायला येणार होते. ते 'हो' म्हणाले की अल्बम छपाईला आणि भावकीतली पुढची लग्नंही विनोदिनीकडे. कित्येक आठवडे ती त्या फोटोंवर बसली होती. हा घे, तो नको, याचा रंग उजळ, त्याची कड काप, असं अखंड चालू होतं.

त्या दिवशी ती मिरजेला गेली होती, एका तंबोरे करणाऱ्या कारागिराच्या दुकानाचे फोटो काढायला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "अहो, लॅपटॉपला हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय?" मी म्हणालो. (आणि खरोखरच नाही लावला. माउस लावला.)

तिने आणलेली नवी हार्ड डिस्क खोक्यातच पडून होती. मी ती जोडली आणि सगळे फोटो तिच्यावर हलवायला घेतले. नुसते हलवले असते तर निभावलंही असतं. पण फोल्डरांची नावं बघून मला राहवेना. 'इस्लामपूर फायनल', 'इस्लामपूर फायनल दोन', 'इस्लामपूर खरं फायनल'. अशी नावं आमच्या रेकॉर्ड रूममध्ये दिसली तर मेमो निघेल. मी आधी जिल्हा केला, जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात वर्ष. लग्नाच्या पोटात हळद, अक्षता, मानपान आणि पंगती असे विभाग पाडले. मग प्रत्येक फोटोचं ते रुक्ष इंग्रजी नाव पुसून त्याला रीतसर क्रमांक दिला. लॅपटॉपवरचे मूळ फोटो उडवले, कारण एका कागदाच्या दोन प्रती ठेवल्या की घोळ होतो हा माझा अनुभव आहे.

मग वरणभात खाल्ला आणि आपलं काम डोळे भरून बघावं म्हणून विनोदिनी ज्यात फोटो सजवते तो प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह होतं. वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

आता दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. पण सरकारी नोकरीत प्रश्नचिन्ह असलेली नोंद रद्द करून नव्याने घेतात. तिथे 'रिमूव्ह' असं बटण होतं. मी सगळ्या नोंदी रद्द केल्या. शेजारी 'इंपोर्ट' होतं, ते दाबून नवी हार्ड डिस्क दाखवली. फोटो धडाधड येऊ लागले. मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

चहा पिता पिता लक्षात आलं की फोटो तेच असले तरी ते तसे नाहीत. नवरी पिवळी पडली होती, मांडव तिरका झाला होता आणि विनोदिनीने निवडलेल्या फोटोंवरचे तारे गायब होते. मी पुण्याला ऋचाला फोन लावला. ऋचा आमची मुलगी, तिला यातलं कळतं.

"बाबा, फोटो त्या प्रोग्रॅममधून हलवलेत की बाहेरून?"

"बाहेरून कशाला? घरात बसूनच हलवले."

ती लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, त्या प्रोग्रॅमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, फोटो नसतात. फोटो कुठे ठेवलाय आणि आईने त्यावर काय काय काम केलंय, एवढंच त्याच्या लक्षात असतं. तुम्ही फोटो दुसरीकडे नेलेत, नावं बदललीत. तरी तो बिचारा विचारत होता की फोटो कुठे गेले. तुम्ही त्याची आठवणच पुसलीत."

"म्हणजे आईचं काम?"

"गेलं."

"कुठे गेलं?"

"बाबा, आईला सांगितलंत?"

"आधी तुला केला फोन."

"मी पुण्यात आहे ते किती बरं आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी घाबरलो. विनोदिनी चिडली की ओरडत नाही, फक्त भाजी कमी तिखट करते आणि माझ्याकडे न बघता वाढते. पण भीतीपेक्षा मला वाईट जास्त वाटत होतं. त्या खुर्चीत बसून, मान वाकडी करून एकेका फोटोकडे बघणारी बायको मी रोज पाहिली होती, आणि तिची ती सगळी मेहनत मी एका दुपारी निकालात काढली होती. ती यायच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात नाथाजीराव आणि त्यांच्या मंडळी, बनुबाई.

"आवं गोपाळराव, येळंच्या आधीच आलो," नाथाजीराव सोफ्यावर बसत म्हणाले. "हिची खरेदी लवकर उरकली."

"उरकली कुटली, ह्यांनी दुकानात बसूच दिलं न्हाई," बनुबाई म्हणाल्या.

"विनोदिनी मिरजेहून यायची आहे. आपण चहा घेऊ, गप्पा मारू," मी लॅपटॉपसमोर आडवा उभा राहून म्हणालो.

"चहा ऱ्हाऊ द्या. समदं फोटू ताई आल्यावर बघू. पर एक फोटू आत्ता दावा. अर्जुनाचा."

अर्जुना म्हणजे बनुबाईंचे धाकटे भाऊ, वीरधवलचे मामा. मूळचे विट्याचे, दुकान तमिळनाडूत, सोनं गाळायचं. भाच्याच्या लग्नाला तिथून गाडी करून आले होते. आमच्या भागातल्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान असतो. माइकवर नाव पुकारतात, माणूस पुढे येतो, त्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल ठेवतात आणि फोटो काढतात. टोपी कुणी पुन्हा घालत नाही, पण ज्याची टोपी राहिली तो माणूस ते मरेपर्यंत विसरत नाही. आणि अर्जुनामामांचं म्हणणं होतं की त्यांचं नाव पुकारलं, पण टोपी काही घातली नाही.

"मी माज्या डोळ्यानं बगितलं," नाथाजीराव म्हणाले. "आमच्या भावानं, नानासोनं टोपी घातली, लाइट चमकला. आन् ह्यो म्हनतोय घातलीच न्हाई. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हनलो."

"भाऊबीजेला येनार न्हाई म्हनलाय," बनुबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "एकच भाऊ हाय मला. फोटू दावा आन् त्याचं समाधान करा, दुसरं काय नगं."

आता यावर नाही कसं म्हणणार? मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

पहिल्या फोटोत नवरा-नवरी हार घालत होते आणि डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर होतं. दुसऱ्यात कोपराच्या जागी कान होता. तिसऱ्यात नवरदेवाच्या फेट्यामागे एक गृहस्थ तोंड उघडं टाकून छताकडे बघत होते. पंगतीच्या फोटोत तेच गृहस्थ मागे उभं राहून जिलबी खात होते. हे फोटो मी विनोदिनीच्या स्क्रीनवर अनेकदा पाहिले होते, पण त्यात हे गृहस्थ कधीच नव्हते.

"ह्यो कोन म्हनायचा?" बनुबाई पुढे वाकल्या. "समद्या फोटूत हाय. मी म्हनलं दीपमालाच्या म्हायेरचा आसंल."

"त्यांच्याकडचा न्हवं," नाथाजीराव म्हणाले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "गोपाळराव, तुमी हाय की वो ह्ये."

तेव्हा मला उलगडा झाला. 'कड काप, कड काप' म्हणून माझी बायको आठवडेच्या आठवडे जे कापत होती, ते मला कापत होती. अल्बमचं निम्मं काम म्हणजे त्यातून मला बाहेर काढणं होतं. ते काम मी पुसून टाकलं आणि एकूण एक फोटोत परत येऊन बसलो.

"पाठवणीला तर पोरीच्या बापापरीस तुमीच जास्त रडताय," नाथाजीराव कौतुकाने म्हणाले.

"धूर गेला होता डोळ्यांत," मी म्हणालो.

मग मानपानाचे फोटो आले. मीच ते क्रमाने लावले होते, त्यामुळे एकही चुकायची सोय नव्हती. एकेक टोपी, एकेक टॉवेल, एकेक मिशी पुढे सरकत गेली. आणि मग तो फोटो आला. नाथाजीरावांचे बंधू नानासो, माइककडे मान वळवून, न बघताच टोपी घालत होते. टोपीखाली मी होतो. एका हातात लाइटचा स्टँड, दुसऱ्या हाताने अर्धा नमस्कार आणि चेहऱ्यावर लाजरं हसू. माझ्या मागे स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून अर्जुनामामा उभे होते, डोकं पुढे करून. पुढच्या फोटोत त्यांची पाठ होती.

मला तो क्षण लख्ख आठवला. माणसं किती चांगली आहेत, लाइट धरणाऱ्यालासुद्धा मान देतात, असं मला त्या वेळी वाटलं होतं. मी ते ऑफिसातही सांगितलं होतं.

बनुबाई स्क्रीनच्या आणखी जवळ सरकल्या.

"टावेल कुटं हाय?" बनुबाईंनी विचारलं.

"वापरात आहे," मी खरं ते सांगितलं.

"आन् मी त्या बाबाला उन्हाळ्यापास्नं खोटारडा म्हनतोय," नाथाजीराव कपाळाला हात लावून म्हणाले.

नेमकी त्याच वेळी विनोदिनी आत आली. तिने स्क्रीनभर पसरलेलं माझं लाजरं हसू बघितलं. शेजारची 'जिल्हा सांगली, तालुका वाळवा' ही पाटी बघितली. खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग सावकाश खाली ठेवली.

"तुम्ही लॅपटॉप आवरलात," ती म्हणाली.

"ताई, तुमाला ह्ये म्हाईत हुतं?" नाथाजीरावांनी विचारलं.

"फोटो निवडताना दिसलं होतं. यांची अब्रू जायला नको म्हणून तो बाजूला काढला. म्हटलं, एक टोपी तर आहे, मामा विसरतील."

"आमच्यात टोपी कोन इसरत न्हाई, ताई," बनुबाई म्हणाल्या.

म्हणजे बघा, मला वाचवण्यासाठी तिने जे लपवलं होतं, ते मी स्वतः खणून काढलं, क्रमांक दिला आणि पाहुण्यांना दाखवलं. त्या वेळी तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. माझ्या चहात साखर नव्हती.

सुदैवाने विनोदिनी माझ्याबरोबर बरीच वर्षं राहते आहे. कॅटलॉगची एक प्रत तिने पेन ड्राइव्हवर करून शेवयांच्या डब्यामागे ठेवली होती. काम त्यात शाबूत होतं, पण मी प्रत्येक फोटोचं नाव बदलल्यामुळे त्याला एकेक फोटो बोट धरून दाखवावा लागत होता. ते मी केलं. ऑफिसातून आलो की खुर्चीत बसायचो आणि ती मागे उभी राहून म्हणायची, "हा नव्हे, पुढचा." आणि एकेक फोटो जुळला की त्यातून माझं कोपर, कान, जिलबी माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी व्हायची. आपल्याच हाताने आपल्याला पुसत बसण्याचा हा प्रकार शत्रूवरही ओढवू नये.

मामांचा निकाल मात्र बनुबाईंनी त्याच दिवशी लावला होता. "ज्यानं टोपी घेतली त्यानंच घालायची." दिवाळीसाठी अर्जुनामामा बरेच दिवस आधी गावी आले तसे आम्ही सगळे विट्याला गेलो. नवी टोपी, नवा टॉवेल, नारळ. त्यांच्या अंगणात भावकी जमली होती. नाथाजीरावांनी मेव्हण्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "अर्जुना, माजं चुकलं गड्या." मी दोन्ही हातांनी मामांना टोपी घातली.

मामांनी मला न्याहाळलं. "लाइटवाले तुमीच न्हवं? मी तवा तुमाला म्हनत हुतो, वाईच सरका. तुमी वळूनसुदीक बगितलं न्हाई."

"माइकचा आवाज होता," मी म्हणालो.

मामा हसले. भाऊबीजेला येतो म्हणाले. बनुबाई तिथेच भावाच्या गळ्यात पडून रडल्या आणि मलाही भरून आलं, या वेळी धूर नसताना. विनोदिनीने त्या सगळ्याचे फोटो काढले. परतताना गाडीत ती माझ्याशी हसून बोलली. भावकीतली पुढची लग्नंही तिलाच मिळाली होती. आपल्याला माफी मिळाली असं मी समजलो.

दिवाळसणाआधी अल्बम छापून आला. शेवटच्या पानावर, अख्खं पान भरून, विट्याचा फोटो होता. मधोमध अर्जुनामामा, एका बाजूला डोळे पुसणाऱ्या बनुबाई, दुसऱ्या बाजूला नाथाजीराव, मागे सगळी भावकी. मामांच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना दोन हात होते, मनगटापर्यंत.

"हे हात माझे ना?" मी विचारलं. मला जरा गहिवरूनच आलं होतं. "ठेवलेस तू."

"ठेवावेच लागले," विनोदिनी अल्बम बंद करत म्हणाली. "ते काढले की टोपी हवेत तरंगत होती."