पळसमाळचा दोनशे मिलिमीटर पाऊस

सरकारी कामकाजात खऱ्याचं आणि खोट्याचं फारसं वैर नसतं. खरं वैर असतं ते भरलेल्या रकान्याचं आणि रिकाम्या रकान्याचं. चुकीचा आकडा पुढेमागे दुरुस्त करता येतो, निदान त्यावर चौकशी समिती तरी नेमता येते. रिकाम्या रकान्याचं काय करायचं हे मात्र आजवर कुणालाच उमगलेलं नाही. नगरच्या जोडणी कक्षाचा सगळा कारभार याच थोर तत्त्वावर उभा होता आणि त्या तत्त्वाचा सर्वात निष्ठावंत सेवक होता रविकांत बेलापूरकर, पद कंत्राटी, मुदत अकरा महिने.

रविकांतच्या घराण्यात कारकुनी तीन पिढ्यांची. पणजोबा कचेरीत दप्तर सांभाळायचे, आजोबा शाळेत लेखनिक होते, वडील जमिनीच्या नोंदी ठेवायचे. तिघांनीही जन्मभर लाकडी रूळ धरून वह्यांमध्ये रेघा ओढल्या. रविकांतही रेघाच ओढायचा, फक्त माऊसनं. (पगाराच्या बाबतीत घराणं एका पिढीत बरंच मागं आलं होतं, पण खुर्ची फिरती होती.)

जोडणीचं काम तसं सोपं. पडद्याच्या डाव्या बाजूला दुसरीकडच्या यंत्रानं इंटरनेटवरून पाठवलेलं उत्तर दिसतं, म्हणजे त्या उत्तरातल्या सगळ्या बाबी एकाखाली एक. उजव्या बाजूला आपल्या तक्त्याचे रकाने. डावीकडचं जे उजवीकडे हवं असेल, तिथपर्यंत एक रेघ ओढायची. रेघ एकदा ओढली की रोज सकाळी आठला माहिती आपोआप त्या रकान्यात जाऊन पडते, मग रेघ ओढणारा झोपलेला असो की रजेवर. रेघ चुकली तर चूकही तितक्याच नेमानं पडते, पण हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत छापलेलं नव्हतं.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या शहाण्णव गावांत पाऊस मोजायची स्वयंचलित यंत्रं बसली. पंच्याण्णव यंत्रं कोरड्या दिवशी शून्य पाठवायची. पारनेर तालुक्यातल्या पळसमाळचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. त्याचा स्वभाव मितभाषी. पाऊस पडला नाही तर ते पावसाची बाब रिकामीच सोडायचं, कारण न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलावं कशाला, असं त्या कंपनीचं धोरण होतं. तक्त्यात पंच्याण्णव ओळी हिरव्या आणि पळसमाळची एक लालभडक.

आढावा बैठकीत कक्षप्रमुखांनी त्या ओळीवर लेझरचा ठिपका धरला. "बेलापूरकर, हे लाल काय आहे?"

"साहेब, पाऊस पडला नाही."

"पाऊस पडला नाही, हा हवामानाचा प्रश्न. रकाना भरला नाही, हा आपला."

"हातानं शून्य टाकू का?"

सगळ्या बैठकीनं भिंतीकडे पाहिलं. हातानं आकडा टाकायला कक्षात सक्त मनाई होती. माणसानं टाकलेला आकडा संशयास्पद, यंत्राकडून आलेला आकडा प्रमाण, असा नियम होता आणि तो भिंतीवर चौकटीत लावलेला होता.

रविकांत जागेवर येऊन बसला आणि त्यानं पळसमाळच्या यंत्राचं उत्तर डोळ्यांत तेल घालून तपासलं. उजवीकडचा पावसाचा रकाना तसा चोखंदळ होता. त्याला आकडाच लागायचा, तोही पाचशेच्या आतला, आणि एक दिवसही न चुकता. गावाचा क्रमांक सहा आकडी, म्हणून बाद. तारखेत तिरप्या रेघा, म्हणून तीही बाद. बॅटरीची टक्केवारी बसत होती, पण ती ढगाळ दिवशी पाठवलीच जात नव्हती. राहता राहिला उत्तराचा क्रमांक. तुमची मागणी पोचली, मी ऐकलं, एवढं सांगण्यासाठी यंत्र हा क्रमांक पाठवतं. टपरीवर चहा सांगितला की टपरीवाला मान न वळवता "हां" म्हणतो, तसा. सगळं सुरळीत असलं की हा क्रमांक दोनशे येतो. रोज दोनशे. एकही खाडा नाही.

तरी रविकांतनं खबरदारी म्हणून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "दोनशे येतंय ना सर? मग सगळं ओके आहे." पावसाच्या बाबतीत सगळं ओके म्हणजे भरपूर पाऊस, हा अर्थ काढायला शास्त्रज्ञ लागत नाही. रविकांतनं रेघ ओढली. पळसमाळची ओळ हिरवी झाली आणि साहेबांनी त्या दिवशी त्याला स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली.

पळसमाळला आता रोज दोनशे मिलिमीटर पाऊस पडू लागला. जिथं वर्षाकाठी चारपाचशे पडला तरी लोक समाधानानं झोपतात, तिथं तीन दिवसांत सहाशे. नकाशावर आसपासचा सगळा भाग पिवळा आणि मधे हे एक गाव गडद निळं. कुणीही शंका घेतली नाही, कारण लाल काहीच नव्हतं. चौथ्या दिवशी नियमाप्रमाणे पळसमाळचा पाण्याचा टँकर आपोआप बंद झाला.

पाचव्या दिवशी सरपंच एलिझाबेथ उजागरे कक्षात आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, म्हणून गाव त्यांना बाईच म्हणायचं. बरोबर पंचायतीचे सदस्य मच्छिंद्र औटी होते आणि त्यांच्या हातात रिकामी कळशी होती, पुरावा म्हणून.

"साहेब, आमच्याकडं थेंब न्हाई पडला," मच्छिंद्र म्हणाले. "इहिरी ठाक कोरड्या हायेत. टँकर का म्हून बंद केला?"

रविकांतनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. काल दोनशे. परवा दोनशे. त्याच्या आधी दोनशे."

"रोज मोजून दोनशे? देव बी मापानं वततो व्हय?"

बाईंनी पडद्यावरच्या आकड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. रोज एकच उत्तर यायला लागलं, की पोरानं गणित सोडवलेलं नसतं, कुठून तरी उतरवलेलं असतं. तुम्ही कुठून उतरवलंत?"

रविकांतनं साहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं. साहेब शांतपणे म्हणाले, "तू पाऊस पडला नाही म्हणतोस ते तोंडी. पाऊस पडला हे लेखी आहे. प्रत्यक्ष पाहणी करून ये."

पळसमाळचं यंत्र शाळेच्या पटांगणात होतं. त्याचा हिरवा दिवा छान लागलेला. त्याच्या कुंपणाला टेकून पंधरा-वीस बायका हापशापुढं रांगेत बसल्या होत्या. हापसा वीस वेळा हलवला की एकदा खोकायचा. बाईंनी रविकांतला घरी नेलं, पद्धतीप्रमाणं गुळाचा खडा पुढं केला आणि तांब्यातलं पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला. रिकामा तांब्या खाली ठेवताना त्याला दिसलं, की घरात तेवढंच पाणी होतं आणि बाई रांजणाचं झाकण गुपचूप लावताहेत. त्याला स्वतःची लाज वाटली. अहवालात लाजेसाठी रकाना नसल्यामुळे त्याची नोंद झालेली नाही.

साहेबांनी अहवाल वाचला. "ही रेघ काढली तर रकान्यात काय येईल?"

"काही नाही, साहेब. रिकामा राहील."

"आणि रिकाम्या रकान्यावर टँकर देता येतो?"

"नाही. माहिती अप्राप्त म्हणून प्रस्तावच परत येतो."

साहेब मोठ्या बुद्धीचे. त्यांनी नियमावली चाळली आणि मार्ग काढला. इतका पाऊस झालेलं गाव पूरग्रस्त ठरतं. पुरात पिण्याचं पाणी दूषित होतं. सबब पूरग्रस्त गावाला शुद्ध पाण्याचा टँकर तातडीनं देणं बंधनकारक आहे. दुष्काळी टँकर बंद झाला त्याच्या नवव्या दिवशी पळसमाळमध्ये पुराचा टँकर आला. वाहन तेच, चालक तोच, फक्त काचेवरचा कागद वेगळा. त्याच्या मागोमाग मदतसाहित्य आलं: एक रबरी बोट, चाळीस लाईफ जॅकेटं आणि पोहण्याबाबतच्या सूचनांचा फलक. बोट फुगवून मारुतीच्या देवळापुढं ठेवली गेली. टँकरच्या पाइपातून सांडणारं पाणी तिच्यात साठायचं आणि शेळ्या तिथं पाणी प्यायच्या. जॅकेटं घालून पोरांनी क्रिकेटचे दोन संघ केले.

रविकांतनं खुलासा करायला फोन केला तेव्हा कामासाठी तालुक्याला आलेल्या बाई म्हणाल्या, "ती रेघ आहे तशीच राहू द्या." गणिताच्या शिक्षिकेनं असं म्हणावं याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण टँकर येत होता.

आता पूर म्हटला की तो ओसरलाही पाहिजे. पूरमदतीचा एकवीस दिवसांनी फेरविचार करावा आणि तोही लोकसहभागातून, असा नियम आहे. त्यानुसार कक्षानं अकरा लाख चाळीस हजार मोबाईलना मेसेज पाठवला: "पळसमाळ येथील टँकर बंद करण्यास आपली हरकत असल्यास ४८ तासांत कळवावे. मुदतीत उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल." लोकशाहीचा एवढा व्यापक प्रयोग जिल्ह्यात पूर्वी झालेला नव्हता. नंबर गोळा करताना कुणी वगळलं जाऊ नये याचीही काळजी घेतली होती. नगरचे, नगर सोडून गेलेले, नगरवरून कधी बसनं गेलेले, एवढंच काय, कुठल्याशा दुकानात बिल करताना सहज नंबर सांगून बसलेले, असे सगळे त्यात होते.

पळसमाळला मोबाईलची रेंज फक्त टेकडीवर मिळते; यंत्राला उपग्रहाची सोय आहे, माणसांना नाही. बाई गावाला घेऊन टेकडी चढल्या. दोनशे बारा हरकती आल्या, सगळ्या तिथूनच. उरलेल्या अकरा लाख एकोणचाळीस हजार सातशे अठ्ठ्याऐंशी उत्तरांचे रकाने रिकामे.

पडद्यावर डावीकडे तीन बाबी होत्या: मेसेज पोचला, मेसेज उघडला, उत्तर. साहेबांनी 'पोचला'वर बोट ठेवलं आणि मग उजवीकडच्या 'हरकत नाही'वर. "ओढ रेघ."

"साहेब, पोचला म्हणजे पटला असं नसतं."

"पोचला आणि बोलला नाही, म्हणजे पटला. आपण मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय."

रविकांतनं माऊसवरचा हात काढून घेतला. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत तो तसाच बसून राहिला. त्याच्या घराण्यात एवढं मोठं बंड पूर्वी कुणी केलेलं नव्हतं. दुपारी साहेबांनी त्याच्या मुदतवाढीची फाईल आणून टेबलावर ठेवली, उघडून, सहीची जागा वर करून. रविकांतनं घरच्यांचा विचार केला, रांजणाच्या झाकणाचा विचार केला आणि रेघ ओढली.

टँकर सोमवारी बंद झाला. बुधवारी एलिझाबेथबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमच्या पाण्याला नको म्हणणारी अकरा लाख माणसं कोण आहेत, ती यादी द्या मला." रविकांतनं यादी छापून दिली. गठ्ठा जड होता. मच्छिंद्रांनी खांद्यावर घेतला.

यादीतल्या माणसांना समजावलं तर ती आपली हरकत नोंदवतील, अशी बाईंची समजूत आहे. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले तरी उशिरा आलेल्या हरकती घ्यायची नियमात सोय असून, तशा पाच हजार आल्या की टँकर पूर्ववत होतो. म्हणून त्या रोज उन्हं उतरली की टेकडीवर जातात आणि यादीतला एकेक नंबर लावतात. शिक्षकी पेशामुळे चिकाटी दांडगी, पण लोक अनोळखी नंबर उचलत नाहीत.

तुम्ही तो मेसेज वाचला नव्हता, हे समजण्यासारखं आहे. कर्जाच्या आणि रमीच्या मेसेजबरोबर तोही एकदमच पुसला गेला. पण गेल्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला तुम्हाला एक फोन आला होता. दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा तुम्ही कापलात. तो बाईंचा होता.