मागच्या दाराची सोय

अश्लेषाची योजना बिनतोड होती. निदान अश्लेषाला तरी तसं वाटत होतं.

अमरावतीचा माणूस अमरावतीत समुपदेशकाकडे जात नाही, हे समुपदेशकाचं दुकान थाटल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच तिने ताडलं. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं की संपलं! दिवस मावळायच्या आत बडनेऱ्यापर्यंत बातमी : ‘अमक्याच्या डोक्याचं काहीतरी बिघडलं!’ अकोल्यातही तेच. मग तिने साधा हिशेब मांडला. अमरावतीकरांना अकोल्यात तपासायचं आणि अकोलेकरांना अमरावतीत!

अकोल्यात बापूसाहेब वकिलांच्या घरातली एक खोली तिने भाड्याने घेतली. यायचं पुढच्या व्हरांड्यातून, जायचं मागे स्वयंपाकघरातून. फाइलवर आडनाव नाही, पत्ता नाही. दोन पेशंटची गाठ पडणं अशक्य! चार महिन्यांत सात जण झाले होते. सातातल्या एकाचं जरी बिंग फुटलं असतं, तर दोन्ही शहरांत तिचं दुकान एकाच दिवशी बंद झालं असतं.

गुरुवारी चार वाजता मनकर्णाबाई आल्या. त्यांची ही दुसरी खेप.

“बाई, सून बोलूनच नाही राहिली! आधी कशी कडकडा भांडे. आता मी काही म्हटलं की उठून जाते. दाराआड उभी राहून ओठ हालवते. काही करणी तर नाही ना?”

अश्लेषाने त्यांना धीर दिला आणि पाच वाजायच्या आत मागच्या दाराने काढून दिलं.

पाच वाजता दामिनी आली. तिचीही दुसरीच खेप.

“मॅडम, सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. मी तोंड उघडलं की त्या सरळ गच्चीवर! परवा कपडे वाळत घालायला गेले, तर त्या टाकीला टेकून पुटपुटत होत्या. नीट ऐकलं. म्हणे, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव...”

अश्लेषाच्या हातातलं पेन थांबलं.

‘राग आला की जागा सोडा आणि शंभरपर्यंत मोजा.’ हा सल्ला तिचाच होता. गेल्या आठवड्यात तिने तो दोघींना दिला होता. मंगळवारी एकीला, गुरुवारी दुसरीला!

एवढ्यात भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून बापूसाहेबांच्या बायकोचा, गोदावरीकाकूंचा आवाज आला. “असं कसं? चहा घेतल्याबिगर आमच्या घरून कोनी जात नाही, मनकर्णाबाई! बसा, आता पोहेही होतात.”

मनकर्णाबाई गेल्याच नव्हत्या! दामिनीने मान वर केली.

“काय नाव घेतलं त्यांनी?”

“तुम्ही सांगत होतात, गच्चीवर...” अश्लेषा म्हणाली. आता हिला पुढच्या दारानेच काढायचं. पण व्हरांड्यात बापूसाहेबांची उलटतपासणी सुरू झाली होती. सहाचा नवा पेशंट साडेपाचलाच हजर! अमरावतीची गाडी चक्क वेळेवर आली होती.

“नाव?”

“किशोर.”

“पूर्ण सांगा ना राजेहो!”

“किशोर ठाकरे. साईनगर, अमरावती.”

दामिनी ताडकन उठली. “माझे मिस्टर! पाळत ठेवून आले!” आणि ती मागच्या दाराकडे धावली.

“तिकडे नको!” अश्लेषा ओरडली.

“का?”

का, ते सांगता येत नव्हतं! सांगितलं तर मनकर्णाबाईंचं गुपित फुटणार, न सांगितलं तर दोघींचं. सहा वर्षांच्या शिक्षणात या प्रसंगाचा धडा कुठेच नव्हता. ती उत्तर शोधेपर्यंत दामिनी स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा.

पलीकडे एक बशी वाजली.

अश्लेषा जीव मुठीत धरून दारात गेली. सासू पाटावर, सून उंबऱ्यात. दोघींचे ओठ हालत होते. काकू झारा हातात धरून आळीपाळीने बघत होत्या. “काहून वं? काय मोजून राहिल्या ह्या?”

“गोदावरी, पाहुण्यांनाही चहा टाक गं!” म्हणत बापूसाहेब किशोरला घेऊन थेट आतच आले.

मनकर्णाबाईंची मोजणी सुटली.

“तू तं मैत्रिणीच्या डोहाळजेवणाले गेली होती ना वं?”

“आणि तुमची बार्शीटाकळीची बहीण? ती या पातेल्यात राहते का?”

“पाह्य, कशी बोलते मले!”

“आणि हे तुमचे चिरंजीव? हे तर नागपूरच्या मीटिंगला गेले होते ना, तेही विचारा!”

दहा मिनिटं कुणी कुणाला आवरेना. अश्लेषाने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. उघडले तेव्हा किशोर तिच्यासमोर हात जोडून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मॅडम, बोलल्या! आठ दिवसांनी बोलल्या! घर कसं सुतकासारखं झालं होतं, तेच सांगायले आलो होतो. मी अख्ख्या साईनगरात सांगतो!”

“सांगू नका!” अश्लेषा कळवळली. पण तिघं पोहे खाऊन, एकमेकांना टाकून बोलत, एकाच रिक्षाने स्टेशनवर गेले. जाताना मनकर्णाबाई म्हणाल्या, “पुढच्या वक्ती संगंच येतो. फाइल एकच ठेवा.”

पेशंटची संख्या सातावरून आठावर जायची होती, ती सहावर आली.

शनिवारी फोन वाजला. “किशोरभाऊंनी नंबर दिला. आम्ही दोघं नवराबायको येतो म्हणतो.”

अश्लेषाने घाईने वही ओढली. “या ना! गुरुवारी, चार वाजता.”

“चालते. फक्त एक विचारायचं होतं. त्या मागच्या दाराच्या काकू असतात ना गुरुवारी? भाऊ म्हणे, खरा गुण त्याइच्याच हाताले आहे.”

अश्लेषाने मोजायला सुरुवात केली. सदतीसपर्यंत पोचली.

“असतात,” ती म्हणाली.