कोळ्याच्या हळदीला कोंबडी

दिघीचे धाकूनाना बाजारात मासे घ्यायला जात नाहीत, भांडायला जातात. बोर्ली पंचतनच्या बाजारात कोळणीच्या टोपलीतलं पापलेट उचलायचं, तळहातावर ठेवायचं, आणि ते तळहाताहून लहान भरलं की साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारायचं, "ह्याची आय कुठं हाय? तिला इचारून आनलंस काय?"

"नाना, पुढं व्हा! गिऱ्हाईक पलतंय माजं!"

"पलू दे! पोरं इकतेस व्हय गं!"

आमची मासळी वाचवणारी संघटना 'पिल्लं मारू नका' अशी पत्रकं वाटते. त्यांत कोळणी सुके बोंबील गुंडाळून देतात. नाना म्हणजे मला चालतंबोलतं पत्रक. समुद्र खरवडला तो मोठ्या बोटवाल्यांनी, रात्री दिवे लावून, मासळी उजेडाकडे ओढून, पिल्लांसकट. ती पिल्लं वाळून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात जातात. मग लहान होडीवाल्याने धरायचं काय? पाणी?

नानांचं जाळं मात्र मोठ्या भोकांचं, पिल्लू सहज निसटावं असं.

यंदा त्यांच्या लेकीची, सुनंदाची हळद ठरली. नानांनी जाहीर केलं, "पंगतीला माज्या जाल्यातलंच पापलेट!" आदल्या दिवसापर्यंत होडी जात राहिली आणि जाळं धुतल्यासारखं स्वच्छ येत राहिलं.

शेजारी म्हणाला, "नाना, माजं बारीक जालं न्या. हलद पोरीची हाय, तुमच्या हट्टाची न्हाय."

"माज्या पोरीच्या हलदीला दुसऱ्याची पोरं मारू?"

शेवटी पंगतीत कोंबडी आली. कोळ्याच्या हळदीला! पाहुण्यांतले एक मामा पातेल्यात डोकावून म्हणाले, "समुद्र कुटं गेला तुमचा?"

"ह्या पातेल्यात!" नाना ओरडले. "आमची पिल्लं हिनं खाल्ली. आता हिला तुमी खा!"

पंगत खदखदली. मी तर जाम खूश. पुढच्या पत्रकावर कोणाचा फोटो, ते तिथेच ठरलं. नानांना शोधत मांडवामागे गेलो.

सुनंदा पाटावर बसली होती, दोन्ही हात हळदीने माखलेले. नाना समोर उकिडवे बसून तिला भरवत होते.

"तुजी आय गेली तवापासून मासली म्याच भरवली तुला," ते म्हणत होते. आवाज बाजारातला नव्हता. "आता जायच्या येली एक पापलेट गावलं न्हाय."

बोलता बोलता त्यांची बोटं कोंबडीचा तुकडा कुस्करून चाचपत होती, बारकाईने, कडेकडेने.

"बा, हिला काटं नसतात."

"ठावं हाय," नाना म्हणाले आणि पुढचा तुकडा चाचपू लागले.