मेहुण्याचा खालचा सूर

"साहेब, संगीतासारखं औषध नाही! दमलेला प्रवासी एक धून ऐकतो आणि ताजातवाना होतो. तुम्ही फक्त येऊन बघा!"

बोटीच्या धक्क्यावरचे व्यवस्थापक, म्हणजे आपले मास्तर, मोठ्या साहेबांना फोनवर हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज भक्तिभावाने कापत होता. पण खरं सांगायचं तर मास्तरांना संगीताचं काडीचंही प्रेम नव्हतं. त्यांना प्रेम होतं झोपेचं! बायकोचा धाकटा भाऊ गेले कित्येक महिने त्यांच्या घरी मुक्कामाला होता, आणि रोज पहाटे अंगाभोवती गुंडाळायचा एक भला मोठा पितळी कर्णा घेऊन न्हाणीघरात रियाझ करत होता. सांगताही येत नाही आणि सहनही होत नाही, अशातली गत. मेहुण्याला धक्क्यावर वादक म्हणून नेमलं, की तो पगारी होणार, पगारी झाला की स्वतःची खोली घेणार, आणि मास्तर सूर्य वर येईपर्यंत घोरणार! साहेबांनी "ऐकून बघतो" म्हटलं आणि मास्तरांनी तिथेच डुलकी काढून सराव सुरू केला.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी धुकं असं दाटलं, की प्रतीक्षागृहाच्या दारातून समोरचं पाणीसुद्धा दिसेना. बोटीला उशीर. बाकांवर माणसं जांभया देत, एकमेकांवर खेकसत बसली होती. एक बाळ रडत होतं. एक कापडाचा व्यापारी आपल्या गाठोड्यांवर बसून घड्याळाला शिव्या देत होता.

"भाऊजी, सुरू करू?" मेहुण्याने विचारलं.

"कर बाबा! जीव तोडून कर!"

आणि काय सांगावं, मेहुणा खरंच छान वाजवायचा! न्हाणीघरात डोकं उठवणारा तोच कर्णा त्या उंच छताखाली गोड वाटू लागला. बाळ गप्प झालं. व्यापाऱ्याचा पाय ताल धरू लागला. मघाशी जागेवरून भांडलेल्या दोन बायका चक्क एकमेकींना सरकून जागा देऊ लागल्या. मास्तरांनासुद्धा क्षणभर बरं वाटलं.

पण मेहुण्याची एक खासियत होती. धून संपवताना तो गाल फुगवून एक लांबलचक खालचा सूर काढायचा. भोंऽऽऽऽ!

"बोट आली!" व्यापारी ओरडला.

झालं! गाठोडी, बाळ, पिशव्या, छत्र्या घेऊन सगळं प्रतीक्षागृह धक्क्याच्या टोकाकडे धावलं. तिथे होतं फक्त धुकं. बोटीच्या भोंग्याचा आणि मेहुण्याच्या शेवटच्या सुराचा आवाज अगदी जुळ्या भावांसारखा!

"मंडळी, माफ करा!" मास्तर हात जोडून म्हणाले. "ती बोट नव्हती, तो माझा मेहुणा होता!"

लोक हसले आणि परतले. दुसऱ्या धुनेला निम्मेच धावले. तिसऱ्या धुनेला मात्र कुणी हललं नाही. उलट त्या भोंऽऽऽवर टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांची छाती फुगली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. भोंऽऽऽऽ!

"वन्समोर!" व्यापारी ओरडला. टाळ्या!

मेहुणा कर्णा मांडीवर ठेवून पाणी पीत होता. "भाऊजी, हे मी नाही वाजवलं!"

"किती तो विनय!" एक बाई कौतुकाने म्हणाली.

बोटीतून उतरून मोठे साहेब नेमके त्याच क्षणी दारात आले. टाळ्या आपल्याच स्वागताच्या आहेत असं वाटून त्यांनी हसत हसत हात हलवला. बाहेर एकही प्रवासी फिरकत नाही म्हणून बोट चालवणारा सारंग भोंगा वाजवतच राहिला. तो वाजवेल तशा टाळ्या, आणि टाळ्या वाजतील तसे साहेब आणखी वाकून नमस्कार करतायत! शेवटी भोंग्याने एक उचकी दिली आणि तो कायमचा गप्प झाला.

"अहो, खरी बोट आलीय! चला!" मास्तर ओरडले.

"मास्तर, आता नाही फसणार आम्ही!"

"मी स्वतः आत्ता तिच्यातून उतरलोय!" साहेब म्हणाले.

"हेही तुमच्याच कार्यक्रमातले का?" व्यापाऱ्याने मास्तरांना विचारलं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मास्तरांना मेहुण्याची नोकरी, स्वतःची झोप आणि स्वतःचीही नोकरी धुक्यात विरताना दिसली. तोच मेहुण्याने कर्णा खांद्यावर चढवला, एक ठेक्याची धून धरली आणि वाजवत वाजवत दाराबाहेर चालू पडला. धून अर्धवट कोण सोडणार! बाळासकट सगळी वरात त्याच्या मागे फळीवरून थेट बोटीत!

"माणसं चढली, पण भोंगा बसलाय," सारंग म्हणाला. "एवढ्या धुक्यात भोंग्याशिवाय बोट हलवायची नाही म्हणजे नाही."

सगळ्यांच्या नजरा मेहुण्याकडे वळल्या.

"नेमा याला!" साहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

धुक्यात बोट दिसेनाशी झाली, तरी आतून गाणी आणि टाळ्या ऐकू येत होत्या. सकाळी एकमेकांवर खेकसणारी तीच माणसं! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं संगीतामुळे होतं.

संध्याकाळी मास्तर शीळ घालत घरी पोचले, तर मेहुणा जेवायला बसलेला!

"तू? इथे? खोली?"

"खोली कशाला, भाऊजी? बोट रात्री आपल्याच धक्क्यावर असते ना! आणि सारंग म्हणाले, सूर दणदणीत पाहिजे. रोज पहाटे रियाझ दुप्पट करा."

"अहो, आता त्याला काही बोलायचं नाही हं!" सौभाग्यवतींनी बजावलं. "ऑफिसचं काम आहे ते!"

भोंगा दुरुस्तीला गेला, तो अजून आलेला नाही. परवा पहाटे वरच्या मजल्यावरचे वकील डोळे चोळत दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, या आवाजाची लेखी तक्रार करणार आहे मी! कुणाकडे करायची, तेवढं सांगा!"

न्हाणीघरातून भोंऽऽऽ आला. तो संपेपर्यंत मास्तर थांबले आणि पडेल आवाजात म्हणाले,

"धक्क्यावरच्या व्यवस्थापकाकडे. दहानंतर या. तोवर ते झोपायचा प्रयत्न करत असतात."